चपट्या पिशवीतली अळी

४ जानेवारी

खळ! म्हणे माझी खळ!

सत्तावीस वर्षं ह्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर पुस्तकं बांधतोय. पाठ सुटलेली, पानं गळालेली, उंदरांनी कुरतडलेली — सगळी माझ्या हातून उभी राहिलीत. आणि आज ग्रंथपालांनी साऱ्या नोकरवर्गादेखत नकाशांचा जाड खंड टेबलावर आपटला. पाठीतून आत भोकं. असे चौदा खंड.

"बाइंडर, तुमच्या खळीनं किडे आणलेत."

मग भिंतीकडे बोट. छताच्या कडेनं, कपाटांच्या मागे, राखाडी चपट्या पिशव्या लोंबताहेत — काकडीच्या बियांएवढ्या. म्हणे हेच पुस्तकं खातात.

समिती ५ एप्रिलला बसणार. दोष खळीचा ठरला तर बांधणी विभाग बंद, काम बाहेर देणार. दोष साफसफाईचा ठरला तर झाडणाऱ्या बाई घरी. ग्रंथपाल हे इतक्या थंडपणे बोलले, जसं दोन फायलींपैकी एक रद्दीत द्यायची आहे. बाई दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच बोलले.

अंगाचा तिळपापड झालाय. मैदा शिजवून केलेल्या माझ्या खळीत लवंगेचं तेल असतं. प्रमाण माझं, युक्ती माझी, कुणाच्या बापाकडून शिकलेली नाही.

५ जानेवारी

कीडनाशक कंपनीचा तज्ज्ञ आला. कीटकशास्त्राची पदवी आहे म्हणे, ओळखपत्रावर नावाआधी ती छापलीय. मी त्याला 'डिग्री'च म्हणणार. दारातूनच मान वर केली, एक हात खिशात, आणि निकाल — "कसर आहे." वहीत लिहिलं: कसर, कारण खळ. दोन मिनिटं. माझं घड्याळ आहे.

मी विचारलं, ह्या अळीला पाय किती?

"काका, पाय मोजायला वेळ कुणाला आहे?"

काका! मला वेळ आहे. भरपूर.

६ जानेवारी

चिमट्यानं अकरा पिशव्या काढल्या. लांबी सहा ते बारा मिलिमीटर, मधोमध रुंदी चार. दोन्ही टोकांना निमुळत्या. बाहेरून वाळूचे कण, चुन्याचा चुरा, धाग्याचे तुकडे. पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडल्या. तासभर बघितलं. हालचाल नाही. नोंद केली: सर्व रिकाम्या, जुनी टरफलं.

७ जानेवारी

कालची नोंद खोडली. तीन पिशव्या कागदावरून गायब! एक टेबलाच्या पायाशी सापडली, दोन भिंतीवर, चढण्याच्या बेतात.

झाडणाऱ्या बाई तेव्हा खोली झाडत होत्या. म्हणाल्या, त्यांना दोन्हीकडून दारं असतात, एकीकडून हात लावला की दुसरीकडून तोंड काढतात. मी विचारलं नव्हतं. सत्तावीस वर्षं पुस्तकं हाताळणाऱ्याला आता झाडूवाली कीटक शिकवणार!

९ जानेवारी

बाईंचं खरं निघालं. भिंगाखाली पाहिलं.

पिशवी दोन्ही टोकांना फाटीसारखी उघडी. पुढून डोकं आणि सहा पाय बाहेर, पिशवी मागून फरफटत. पुढचं तोंड सुईनं टोचलं — आत ओढून घेतलं, फट मिटली. अर्ध्या मिनिटानं मागच्या तोंडातून तेच तपकिरी डोकं! आतल्या आत उलटी फिरते. म्हणून पिशवी मधे रुंद — वळायला जागा हवी. हे कुणी मला सांगितलेलं नाही, मी ताडलं.

एक पिशवी ब्लेडनं उभी चिरली. आतून रेशमाचं अस्तर, गुळगुळीत. असा सांधा मला जमायला दहा वर्षं लागली होती.

१० जानेवारी

संदर्भ कपाटातला कीटकांचा इंग्रजी ग्रंथ. शब्दकोश मांडीवर. शाळा नववीत सुटली, पण शब्दकोश सुटला नाही.

कपडे खाणाऱ्या कसरीची पिशवी असते, पण ती गोल नळीसारखी. आपली चपटी. म्हणजे डिग्री साफ चुकला! ही वेगळीच — उष्ण प्रदेशातला छोटा पतंग, घराच्या भिंतीवर राहणारा. लॅटिन नाव फेरिओइका. चार वेळा मोठ्यानं म्हटलं तेव्हा जिभेवर बसलं. आणि त्याखाली ती ओळ, जिच्यासाठी मी शब्दकोश दोनदा उघडला: हिचं मुख्य खाणं जुनी कोळिष्टकं. शिवाय लोकर, केस. कागदाचं नाव नाही. खळीचं नाव नाही.

ग्रंथपालांना पान दाखवलं. चष्मा न लावताच म्हणाले, "पुस्तकात काहीही लिहिलेलं असतं."

ग्रंथपाल म्हणतोय हे!

१४ जानेवारी

घरी आणलेल्या पिशव्यांपैकी तीन परवापासून बाटलीच्या वरच्या कडेला टोकानं चिकटून बसल्या होत्या, निश्चल. आज सकाळी एकीच्या तोंडातून कोशाचं रिकामं साल अर्धं बाहेर, आणि शेजारी पतंग बसलेला. राखाडी. पुढच्या पंखांवर काळसर ठिपके, मागच्या कडेला लांब केसांची झालर. पंख मिटले की नखाच्या निम्म्याएवढा. तिन्ही दुपारपर्यंत बाहेर — दोन माद्या, एक नर. नर लहान.

बायकोला हाक मारून दाखवलं. ही बघून म्हणाली, "एवढ्याशा जिवासाठी माझी चांगली बाटली रिकामी केलीत."

१६ जानेवारी

अंडी! फटीत कापूस कोंबावा तशी दडवलेली. फिकट निळसर. पट्टीवर मोजता येत नाहीत, खसखशीपेक्षाही बारीक.

२० जानेवारी

खिडकीत चार बरण्या. तोंडाला दुहेरी कापड, दोरा, वरून मेण. आत-बाहेर काही जाणार नाही.

पहिलीत कोळिष्टकं आणि ती अंडी. दुसरीत भिंतीवरच्या पाच अळ्या, लाल-निळी लोकर. तिसरीत पाच अळ्या आणि फक्त खळीच्या पट्ट्या — माझ्याच बांधणीच्या, दोन वर्षांपूर्वीच्या एका उतरवलेल्या पुठ्ठ्यातून कापलेल्या. चौथीत नुसत्या त्याच पट्ट्या, अळी नाही. तुलनेला.

"ह्या चौथीत काय बघणार तुम्ही?" हिनं विचारलं. काही नाही, तेच तर बघायचं, म्हटलं. ही हसत स्वयंपाकघरात गेली आणि फोनवर आपल्या बहिणीला सांगत होती की भाऊजींनी आता रिकामी बरणीसुद्धा पाळायला घेतलीय.

२७ जानेवारी

अकराव्या दिवशी अंडी फुटली. अंड्यातून बाहेर पडताच घर बांधायला घेतात! आधी रेशमाची कमान, त्यात धुळीचे कण. मग कमान खालून जोडून नळी. मग स्वतःच्या वाढीबरोबर नळी वाढवत नेतात. जन्मल्या जन्मल्या स्वतःचं काम स्वतः. डिग्री लागत नाही.

५ फेब्रुवारी

डिग्रीनं तीन दिवसांपूर्वी दालनात फवारा मारला. तेव्हापासून डोळे चुरचुरताहेत. पिशव्या आहेत तिथंच लोंबताहेत, मजेत. मी तसं म्हटलं तर म्हणाला, काका, मरायला वेळ लागतो.

ग्रंथपाल जाता जाता — "काय बाइंडर, लेकरं बरी आहेत ना तुमची?" लिपिक खो खो हसले. मी सुई ओवत होतो, ओवत राहिलो.

६ फेब्रुवारी

रागानं झोप नाही, कशात मन नाही. काम मात्र चोख केलं.

२१ फेब्रुवारी

आता हसा म्हणावं!

दुसऱ्या बरणीतल्या पिशव्यांच्या दोन्ही टोकांना लाल आणि निळे पट्टे. लोकर खाल्ली, लोकर विणली. तिसरीतल्या अळ्यांनी खळीच्या पट्टीला तोंड लावलेलं नाही. भिंगाखाली चारी कडा तपासल्या, एक चावा नाही. तीन मेल्या, दोन सुकताहेत. उपाशी मरतील, पण माझी खळ खाणार नाहीत. ह्याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

बरण्या कचेरीत नेल्या. पट्टेवाली पिशवी बघायला वरच्या मजल्यावरून माणसं आली. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होतो आणि पदवीधर ऐकत होते. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, छान स्वेटर घातलाय. सगळे हसले. मीही हसलो.

१८ मार्च

पहिल्या बरणीतली सगळ्यात थोरली अळी आज वर चढून चिकटली. अंड्यातून निघाल्यापासून पन्नास दिवस.

३१ मार्च

पतंग बाहेर! अंडं अकरा, अळी पन्नास, कोश तेरा. एकूण चौऱ्याहत्तर दिवस. माझा आकडा. माझ्या खिडकीतला.

आता उलटं मोजलं. १४ जानेवारीला भिंतीवरच्या पिशव्यांतून पतंग निघाले होते. चौऱ्याहत्तर दिवस मागे — १ नोव्हेंबर. हजेरीपत्रक काढून पाहिलं. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर झाडणाऱ्या बाई रजेवर, मुलीच्या बाळंतपणासाठी. बदली माणूस दिलेला नव्हता. तीन आठवडे कोळिष्टकं कुणी काढली नाहीत. तिथंच ही पैदास पोसली गेली!

सगळं जुळलं. इतकं चोख की अंगावर काटा आला.

१ एप्रिल

अहवाल लिहिला. नऊ पानं, दोन आकृत्या. पहिलं कलम — पतंगाची ओळख. दुसरं — जीवनक्रम. तिसरं — खळ निर्दोष. चौथं — कोळिष्टकं साचल्याचा काळ.

मी बाईंचं नाव लिहिलेलं नाही. फक्त तारखा लिहिल्या आहेत. तारखा खऱ्या आहेत.

५ एप्रिल

जिंकलो. समितीच्या अध्यक्षांनी अहवालातला उतारा वाचून दाखवला. "हे कुणा प्राध्यापकाचं वाटतं," म्हणाले. डिग्री मान खाली घालून बसला होता. खळ निर्दोष. तसं लेखी मिळालं.

बाईंना दुपारी बोलावलं. पाच मिनिटांत बाहेर आल्या. बदली माणूस का दिला नाही, हे ग्रंथपालांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बाई खाली आल्या, माझ्या खोलीच्या कोपऱ्यातली बादली उचलली, झाडू उचलला. बादली ग्रंथालयाची म्हणून परत ठेवली. "झाडू माझा आहे," एवढंच बोलल्या, जणू मी अडवणार होतो.

८ एप्रिल

दालन झाडायला कुणी नाही. ग्रंथपाल म्हणतात, ठेका देऊ. मला काय त्याचं? माझं नाव स्वच्छ झालं.

ही आज वाढताना म्हणाली, "जिंकलात ना? मग घास का अडकतो?" ताट सरकवून उठलो. माणसाला घरातसुद्धा शांतता नाही.

११ एप्रिल

बरण्या धुवायला काढल्या. चौथी शेवटी.

तळाशी पीठ. चिमूटभर, बदामी रंगाचं.

मेण शाबूत. दोरा शाबूत. कापडाला छिद्र नाही. आणि पट्टीत एक भोक — गोल, सुबक, दाभणानं पाडल्यासारखं. शेजारी तपकिरी भुंगेरा, अडीच मिलिमीटर, मेलेला. पट्टी फोडली. आत खळीच्या थरातून बोगदा, बोगद्यात पांढरी वाकडी अळी. जिवंत. तिला पिशवी नाही. तिचा भिंतीशी काही संबंध नाही. बाहेरून आलेली नाही. ती माझ्या पुठ्ठ्यात आधीपासून होती, माझ्या खळीत वाढत होती.

तसाच धावत ग्रंथालयात गेलो. नकाशांचा खंड काढला. भिंग लावलं. गोल, सुबक भोकं. दीड मिलिमीटर. कडेला तेच पीठ.

तीन महिने! तीन महिने मी किडा मोजला. त्याचे पाय मोजले, त्याचे दिवस मोजले, अंडी मोजली. ज्या भोकांवरून हे सगळं सुरू झालं ती मोजलीच नाहीत. एकदाही भिंगाखाली धरली नाहीत. डिग्रीला दोन मिनिटांबद्दल हसलो, मी भोकांना दोन मिनिटंही दिली नाहीत.

आणि खळ. पूर्वी सगळे बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, निळं विष, किडा फिरकत नसे. कागद हिरवट पडतो म्हणून मी ते बंद केलं आणि लवंगेचं तेल आणलं. माझी युक्ती! वास सहा महिन्यांत उडतो, एवढं साधं कळू नये? चौदाही खंड त्यानंतरचे आहेत. सगळे माझ्या हातचे.

बरणी फोडावीशी वाटली. फोडली नाही. नवीन मेण लावून ठेवलीय.

१२ एप्रिल

बाईंच्या घरी गेलो. पत्ता शिपायाकडून घेतला — बारा वर्षं एका इमारतीत काम केलं, मला पत्ता माहीत नव्हता.

एकच खोली. मुलगी बाळाला घेऊन भिंतीला टेकून बसलेली. बाई कुणाच्या तरी घरचे कपडे इस्त्री करत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं — भुंगेरा, बोगदा, खळ. सांगताना पट्टीचं माप पण सांगितलं, सवयीनं.

बाईंनी इस्त्री उभी केली.

"ते पीठ ना? तुमच्या खोलीतल्या कपाटाखालचं? ते तर मी रोज झाडत होते, दादा. वर्ष झालं."

मग मला का नाही सांगितलं, मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. त्यांच्या घरात, मी, आवाज चढवतोय!

"सांगितलं की. तुम्ही पुठ्ठा कापत होतात. म्हणालात, बाई, तुमचं काम झाडायचं."

मला आठवत नाही. तसं म्हटलं. मुलगी म्हणाली, आईला आठवतंय, त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. बाईंनी तिला गप्प केलं आणि मला विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, बघतो. काय हे उत्तर! पुन्हा इस्त्रीचा आवाज सुरू झाला. मी जिना उतरलो.

१२ एप्रिल, संध्याकाळी

गेल्या वर्षीची वही काढली. पान पान उलटलं. नऊ मे. 'खळ उत्तम जमली. दुपारी पुठ्ठा कापताना बाईंनी उगाच काहीतरी सांगत वेळ खाल्ला.'

माझंच अक्षर. वळणदार, स्वच्छ.

१३ एप्रिल

सकाळी आधी ग्रंथपालांकडे. भुंगेरा डबीत, पट्टी डबीत. त्यांनी डबी उघडलीसुद्धा नाही.

म्हणाले, फाइल बंद झालीय. समितीचं समाधान झालंय, वर कळवलंय. मी म्हटलं, अहवाल चुकीचा आहे. पतंगाबद्दल सगळं बरोबर, पुस्तकांबद्दल सगळं चूक.

"बाइंडर, तुम्ही सुटला आहात. हे तुम्हाला कळतंय ना?"

मला इतका राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि मधेच लक्षात आलं की हा ह्या माणसाचा नाही. ह्यानं तर तेच वापरलं जे मी नऊ पानांत शिवून, पाठ चिकटवून त्याच्या हातात दिलं.

लेखी देतो, म्हटलं. समितीसमोर. बदली माणूस कुणी दिला नाही, तेही लिहितो. त्यावर त्यांनी डबी उघडली.

१५ एप्रिल

ही म्हणाली, पुढं काय खायचं ते आपण बघू, तुम्ही लिहा. दुपारी तिनंच दौत-टाक पुढ्यात आणून ठेवले — पेन हरवलं होतं, मी शिव्या देत शोधत होतो.

दीड पान झालं. आकृती एकच, भोकाची.

१९ एप्रिल

समिती बसली. अध्यक्षांनी विचारलं, हे शोधून कुणी काढलं? झाडणाऱ्या बाईंनी, मी म्हटलं. गेल्या वर्षी, नऊ मे रोजी. तसंच लिहून घ्या. त्यांनी लिहिलं, खाली मी सही केली. बाई उद्यापासून कामावर. माझ्या खोलीला चार वाजता कुलूप लावलं.